म्हशी आल्या का बघायचा कॅमेरा

आमच्या गल्लीच्या तोंडाला तालमीच्या पोरांनी कॅमेरा बसवला, तेव्हा नारळ फोडला होता. त्यातलं चित्र पोलिसांना दिसायचं आणि गल्लीतल्या प्रत्येकाला मोबाईलवरही. चोर सापडला का? एकही नाही. पण म्हशी दिसायला लागल्या. संध्याकाळी समोरच्या चौकात कट्ट्यापाशी गवळी म्हशी आणतो, समोर धार काढतो आणि लोक उभ्या उभ्या फेसाळ दुधाचा ग्लास रिचवतात, ही आमची जुनी चैन. पूर्वी त्यासाठी ताटकळावं लागायचं. आता मोबाईल बघायचा, म्हशी दिसल्या की चपला सरकवायच्या. मीही तेच करायचो. सोय कुणाला नको असते?

मग एका सकाळी हवालदार घरी आला. बशीत ओतून निवांत चहा प्यायला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. गल्लीतून बाहेर पडणारी माझी मुलगी, काखेत फलक. कागलकडं तिच्या आत्याच्या उसातून मोठा रस्ता जाणार आहे, त्याविरुद्धच्या मोर्चाला ती गेली होती. दगड मारला नव्हता, कुणाला शिवीही दिली नव्हती.

“पावणं, ताईस्नी जरा समजवा की,” तो म्हणाला. “नोकरी लागलीया म्हणं. पडताळणी आमच्याकडनंच जातीया न्हवं.”

नोकरी खरंच लागली होती. हजर व्हायला पोलिसांच्या पडताळणीचा तेवढा कागद यायचा होता. एवढी गोड धमकी मी आयुष्यात ऐकली नव्हती. जाताना त्यानं कपबशी स्वतः उचलून ओट्यावर ठेवली. केवढा सज्जन! मला शिसारी आली. तो कप मी दोनदा विसळला.

संध्याकाळी कट्ट्यावर मी विषय काढला. कॅमेरा काढा, निदान त्याचं तोंड तरी फिरवा. तालमीचा अध्यक्ष हसला.

“आनि म्हशी आल्या त्या कशा कळायच्या, काका?”

सगळे खो खो हसले, मिशांना फेस लागलेला. माझ्या शेजारच्या घरातला गृहस्थ तर म्हणाला, “आपुन वावगं केलं न्हाय, तर भ्या कशाचं?” हा माणूस घरात मटण शिजलं तरी खिडक्या लावून घेतो. मुलीचं काय होणार, हे एकानंही विचारलं नाही. उलट अध्यक्षानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “पोरीला आवरा, गल्लीचं नाव खराब व्हतंय.” ज्यांच्या अंगाखांद्यावर ती वाढली, ती ही माणसं. हातातलं दूध मला प्यावेना. ग्लास तसाच परत दिला.

पुढच्या मोर्चाच्या सकाळी मुलगी आवरून दाराशी आली आणि थांबली. कुठं चाललेय ते आजवर ती नुसतं सांगायची, विचारायची कधीच नाही.

“पप्पा,” ती म्हणाली, “मागच्या बोळातनं जाऊ?”

त्या बोळात गटार वाहतं, तिकडं कुत्रंही फिरकत नाही. ‘पुढच्या दारानं जा, ताठ मानेनं जा,’ असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिच्या आईनं मागच्या दाराची कडी काढली.