आठ जीबीतले सव्वातीन

आमच्या फुलचूरच्या घराला वर जायचा जिना बाहेरून आहे, आणि तो नेमका माझ्या खिडकीला चिकटून जातो. खिडकीपाशी माझा कॉम्प्युटर. म्हणजे वर जाणारा प्रत्येक माणूस आधी मला दिसतो. तो माझ्याकडे बघायचं टाळतो, चपला पहिल्या पायरीवर काढतो, आणि जरा वेळानं माझ्या डोक्यावर जावेच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. दिवाळी झाली की हा आवाज सुरू होतो तो होळीपर्यंत. तेवढे महिने पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं असतात, आणि नाटक म्हटलं की बॅनर लागतो.

बॅनर बनवायचा धंदा या घरात आधी माझा. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण हल्ली लोक उलटं समजतात. माझी जाऊ म्हणजे धाकट्या दिराची बायको. लग्न होऊन आली तेव्हा गोंदियात कॉम्प्युटरचा काहीतरी कोर्स केलेली होती, पण फोटोतलं डोकं केसांसकट कसं कापायचं, नटीची लाल साडी छापून आल्यावर मातकट का दिसते, हे तिला मी शिकवलं. माझ्याच खुर्चीवर बसवून शिकवलं. मग दिरानं तिला लॅपटॉप घेऊन दिला आणि बाईसाहेब वर गेल्या.

शहरातल्या माणसाला वाटेल, बॅनरात काय एवढं. बाबा रे, करून बघ. नाटक कंपनी वडशाहून येते, तिचे नटनट्या वरच्या भागात मोठे मोठे. तेवढ्यानं भागत नाही. खालच्या पट्टीत गावच्या मंडळाचा एकूण एक सभासद लागतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, मंडपवाला, वर्गणी गोळा करणारे, आणि मागच्या साली वारलेला असला तर तोही, फोटोला हार घालून. एक चेहरा सुटला की तो माणूस नाटकाला येत नाही, वर घरच्यांनाही येऊ देत नाही. हे सगळे चेहरे मोबाइलवरून येतात. कोणाच्या मागे ट्रॅक्टर, कोणाच्या मागे गोठा. एकेक कापायचा, उजळायचा आणि सगळे एकाच फाइलमध्ये बसवायचे. पंचवीस-तीस चेहरे झाले की माझा कॉम्प्युटर धापा टाकायला लागायचा. मग पडदा पांढरा पडायचा आणि माउसच्या जागी ते गोल गोल फिरणारं चक्र. मी उठून चहा ठेवायची, चहा उकळायचा, गाळून व्हायचा, पिऊन व्हायचा, आणि चक्र आपलं फिरतंच आहे.

वर मात्र सगळं झटपट. तिचा लॅपटॉप मी एकदाच जवळून पाहिला. बटण दाबलं आणि उघडला. मला इतका राग आला की मी तिथं पाणीसुद्धा प्यायले नाही.

तरी मी सहन करत होते. सालेकशाचा बॅनर वर गेला. देवरीकडचे दोन मंडळवाले वर गेले, मी मूग गिळून गप्प बसले. पण मग केशोरीची पाळी आली. केशोरी माझं माहेर. तिथल्या नाटकाचा बॅनर लग्न झाल्यापासून मीच करत आले. माझा चुलत भाऊ तिथल्या मंडळाचा अध्यक्ष. तो आला, जय भीम केला, पाणी प्याला, भाच्यांची चौकशी केली, आणि पेन ड्राइव्ह काही खिशातून बाहेर काढेना.

"काढ ना रे फोटो," मी म्हटलं.

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, "बाई, औंदा वर देऊन पाहतो."

"कायले?"

"तुह्या इथं बसून बसून पायाले मुंग्या येतात वो. मागच्या साली मी सकाळी आलतो. जेवलो, झोपलो, उठलो, तरी तुहं चक्र फिरूनच रायलं होतं."

आणि हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या गावचा बॅनर, ज्या गावात मी चालायला शिकले, तो ही कालची आलेली बाई करणार? केशोरीचा रस्ता कोणत्या बाजूला फुटतो हे तरी तिला माहीत आहे का? मी भावाला म्हटलं, फोटो दोघींनाही दे. बुधवारी ये. जिचा बॅनर आधी होईल तिचा छाप. तो बिचारा दोन बायांच्या मध्ये सापडला. हो म्हणून पळाला.

त्याच दिवशी मी नवऱ्याच्या मागे लागले. कॉम्प्युटरची रॅम वाढवायची म्हणजे वाढवायची. रॅम म्हणजे काम चालू असताना फाइल जिथं मांडून ठेवतात ती जागा. जागा लहान, म्हणून कॉम्प्युटर अडतो, एवढं मला कळत होतं. माझ्यात चार जीबीची पट्टी होती. जावेच्या लॅपटॉपात आठ. भांडण आठचंच होतं. नवरा बाजारातून आणखी एक चार जीबीची पट्टी घेऊन आला आणि स्वतःच कॉम्प्युटरचं कव्हर उघडून बसला, कारण आमच्या घरात दुकानदाराला पैसे देऊन कोणतंही काम करून घेणं म्हणजे पुरुषाचा अपमान. जाऊ वरून टॉर्च धरायला आली. मी धूळ पुसत होते. नवऱ्यानं पट्टी दाबून बसवली, टक् असा आवाज आला, तो म्हणाला, "झाले तुहे आठ." जाऊ काहीच बोलली नाही. मला वाटलं, जळली. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

बुधवारी मी सकाळीच बसले. चेहरे कापून ठेवलेलेच होते. नाटकाचं नाव मी नेहमी माझ्या जुन्या मराठी फाँटमध्ये करते, आणि मग एकेक अक्षर हातानं ओढून त्याला वळण देते. ते काम मला असं जमतं की वडशाचे कंपनीवालेसुद्धा विचारतात, अक्षरं कोणी केली. नाव झालं, नट झाले, मंडळ अर्धं झालं. आणि पडदा पांढरा. चक्र सुरू.

मी थांबले. बंद करून परत चालू केलं. परत पांढरा. तेवढ्यात खिडकीतून भाऊ जिना चढताना दिसला. या वेळी त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि ते न पाहण्यापेक्षा वाईट होतं.

मग मला सुचलं, बघावं तरी आठ झाले आहेत की नाही. कॉम्प्युटरची माहिती दाखवणारी खिडकी उघडली. तिथं लिहिलेलं, मेमरी आठ जीबी. आणि पुढं कंसात, वापरता येण्यासारखी, सव्वातीन.

सव्वातीन! आठ बसवले आणि सव्वातीन? माझ्या डोळ्यांसमोर एकदम ती टॉर्च आली. कव्हर उघडं होतं, नवरा स्क्रू शोधायला खाटेखाली वाकला होता, मी फडकं झटकायला दारात गेले होते, आणि ती तिथं एकटी होती. हिनं आपल्या लॅपटॉपची मेलेली पट्टी माझ्यात घातली आणि माझी कोरी वर नेली. मला जराही शंका वाटली नाही. उलट इतके दिवस पोटात जे दुखत होतं त्याला एकदाचं कारण सापडलं म्हणून बरंच वाटलं.

मी जिना चढले. भाऊ खुर्चीवर बसून पोहे खात होता. लॅपटॉपवर केशोरीचा बॅनर जवळजवळ पुरा झालेला.

"माही पट्टी काढ," मी म्हटलं.

"कोणती पट्टी, ताई?"

"रॅमची. टॉर्च धरता धरता बदलवली ना तू? आठातले सव्वातीन उरले माह्याजवळ. बाकीचे कोणाच्या पोटात गेले?"

भावाच्या हातातला चमचा तसाच राहिला. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता रडेल किंवा भांडेल. तिनं लॅपटॉपची पाठ माझ्याकडे फिरवली, एक बारकं झाकण उघडलं आणि आतली पट्टी दाखवली. माझ्या पट्टीच्या अर्ध्या लांबीची होती. "लॅपटॉपची पट्टी अशी असते, ताई. तुमच्या डब्यात ही बसतच नाही. अन् मी काढली असती तर तिथं आठ कायले दिसले असते? चारच दिसले असते ना?"

भाऊ म्हणाला, "बरोबर आहे वो बाई." त्याला कोणी विचारलं होतं?

"मग सव्वातीन कसे?"

तेव्हा तिनं सांगितलं. माझ्या कॉम्प्युटरवरची ऑपरेटिंग सिस्टीम बत्तीस बिटची, जुन्या जातीची. मेमरीतल्या प्रत्येक जागेला सिस्टीम एक पत्ता देते, आणि या जातीच्या सिस्टीमजवळ पत्तेच मुळात चार जीबीपुरते असतात. त्यातलेही थोडे पत्ते पडदा दाखवणारं कार्ड आणि इतर भाग आधीच अडवून बसतात. उरतात ते सव्वातीन. "तुम्ही आठ लावा नाहीतर सोळा लावा, ताई. ज्याले पत्ता नाही तिथं ती जाणारच नाही. चौसष्ट बिटची सिस्टीम टाकली तरच पुरे आठ वापरेल."

म्हणजे पट्टी घालायच्या आधीही सव्वातीनच होते, आणि घातल्यावरही सव्वातीनच. मी उगाच चांगली झोपले.

भावाला तेवढ्यात गोंदियाच्या फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "हां भैया, फाइल भेज रहे हैं," म्हणत तो गॅलरीत गेला. आम्ही दोघीच उरलो.

"तुले हे कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तुमच्या खुर्चीवर बसवलं होतं ना तुम्ही मले, तेव्हाच पाहिलं होतं."

"अन् सांगितलं काऊन नाही? टॉर्च धरून उभी होतीस ना?"

तिनं झाकण परत बसवलं. बोटानं दाबत राहिली, ते बसल्यावरही दाबत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही सिस्टीम बदलवली असती. मग माह्याकडे कोण आलं असतं? लोक वर येतात ते लवकर होते म्हणून. येऊन म्हणतात काय, माहीत आहे? अक्षरं खालच्या बाईवाणी करा. रोज आयकतो मी. रोज."

मला काय वाटलं ते मी खरं सांगते. राग नाही आला. अंगावरून कोणीतरी मोरपीस फिरवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मीच एकटी जळते आहे असं मला वाटत होतं, आणि वरच्या मजल्यावर माझ्यापेक्षा मोठी भट्टी पेटलेली होती.  खाली आले, कढईत उरलेले पोहेसुद्धा मागितले नाहीत.

संध्याकाळी ती खाली आली. म्हणाली, चौसष्टची टाकून देऊ का? मीही हो म्हणणारच होते. पण माझा जुना मराठी फाँट आणि त्याचं टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालत नाही, असं तीच म्हणाली. आता खरं म्हणाली की पुन्हा काही राखून ठेवलं, देव जाणे. मी तिला म्हटलं, राहू दे. माझी अक्षरं जातील आणि वेग येईल, मग मी काय होईन? तीच होईन. एक घरात आहे तेवढी पुरे.

केशोरीचा बॅनर तिचा छापून गेला. ठरलंच होतं तसं, आणि शब्द माझाच होता.

नाटकाला आमच्याकडे लेकी-जावयांना बोलावणं असतं, सासरचे सगळे आले तरी चालतात. आम्ही दुपारीच पोचलो, जाऊ आणि दीरही बरोबर. धान मळून झालेलं होतं, शेताच्या बांध्या मोकळ्या, आणि गावात शिरता शिरताच बॅनर दिसला. मोठा, चकाचक, एकाही सभासदाचा चेहरा कापताना कान गेलेला नाही. नाटकाच्या नावाची अक्षरं मात्र तयार फाँटची, सरळ, मठ्ठ. तेवढं पाहून मला जरा बरं वाटलं. पण तेवढंच. बाकी बॅनर माझ्यापेक्षा चांगला होता आणि तो माझ्या गावात उभा होता.

माय वाड्यातल्या बाया घेऊन बॅनरखाली आलीच. मी तोंड उघडायच्या आत ती त्यांना सांगून मोकळी झाली, "हे आमच्या बाईनं बनवलं. दरसाली तेच बनवते." बाया माझ्याकडे पाहून हसल्या. एकीनं माझा हात धरला. जाऊ माझ्या शेजारीच उभी होती. एका शब्दाचं काम होतं. मी तो शब्द बोलले नाही. मी पदर नीट केला आणि हसले.

डोळ्याच्या कोपऱ्यातून मी तिच्याकडे पाहत होते. म्हटलं, आता जळ. घे, मनभर जळ.

मायनं तिला विचारलं, "तू बी करतेस का वो माय हे काम?"

"करतो थोडं थोडं," ती माझ्याकडे हात करून म्हणाली. "यायच्यावाणी नाही जमत."

हे ती मनापासून बोलली, मला टोमणा मारला, की माझी लाज राखली, मी पुष्कळ डोकं खाजवलं. मायला एवढा विचार करायची गरज पडली नाही. तिनं तिला जवळ ओढलं. माझ्या मायचा तो खरबरीत हात, मी तापात पडले की माझ्या पाठीवर फिरायचा तो, तिच्या पाठीवर फिरायला लागला. "जमंल वो, जमंल," माय तिला म्हणत होती, आणि मग माझ्याकडे वळून जरा दटावूनच म्हणाली, "शिकवजो वो हिले नीट. काही लपवून ठेवजो नोको."

मी हो म्हटलं. तिथं दुसरं काय म्हणणार होते?