सासूबाईंचा फॉर्म

आमच्या घरात फॉर्म भरायचं काम माझ्याकडे असतं, कारण दुसरं कुठलंच काम मला धड जमत नाही. परवा सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा फॉर्म भरताना मी ‘विधवा’ या चौकोनात ठसठशीत खूण केली आणि सहीसाठी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो अगदी डोळ्यांशी नेऊन वाचला.

“जावईबापू, तुम्हाला कुणी काही कळवलंय का हो?”

सासरे लग्नानंतर दोन महिन्यांतच लढाईवर गेले आणि बेपत्ता झाले. देह आला नाही, सामानाची ट्रंकही आली नाही. सासूबाईंचं कुंकू तेव्हापासून तसंच आहे, आणि मी ते रोज बघतो! बोट जिभेला लावून त्या ती खूण पुसू लागल्या. शाई नुसती पसरली. इतकी वर्षं वाट पाहणाऱ्या बाईला कुठल्या चौकोनात बसवायचं, हे फॉर्म छापणाऱ्यालाही सुचलं नसावं. मी दुसरा फॉर्म आणला आणि ‘विवाहित’वर खूण केली.

संध्याकाळी बायकोला हे सांगितलं.

“बाबांना मी पाहिलेलंसुद्धा नाही,” ती म्हणाली, “पण आपल्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावाआधी मी कैलासवासी लावू दिलं नव्हतं. तुम्ही ती कधी वाचलीच नाहीत ना?”