रिकामी होडी

हे गेले. होडी वापरणारं घरात कुणी राहिलं नाही, म्हणून आज ती दिराकडे निघाली. ट्रेलरवर चढवण्याआधी मी तिच्यातलं जाळं, नांगर आणि साखळी काढून पडवीत ठेवली. होडी जाऊ दे, एवढं तरी माझ्यापाशी राहावं.

फाटकाबाहेरच्या गतिरोधकावर ट्रेलर उडाला आणि होडी दाणकन आदळली. ट्रेलरवाला सुभान उतरून फळ्यांचे सांधे चाचपू लागला.

"ट्रेलरच्या स्प्रिंगचे पाटे ताठ आहेत, वहिनी. हलक्या होडीला दबत नाहीत. दादांबरोबर सामानासकट नेत होतो, तेव्हा नीट दबायचे."

"मग मऊ पाटे का नाही घालत?"

"मग भरली होडी खड्ड्यात चाकांवर टेकेल. तुमचं बरं आहे, किनाऱ्यावरून बोलायला!" तो हसला आणि लगेच ओशाळला. "थांबा, चार दगड बांधतो. नाहीतर पोचेपर्यंत सांधे सुटतील."

भेटायला येणारे सांगतात, मन घट्ट कर. मी केलं आहे. तरी सवयीने दुसरा कप मांडला गेला की आतून सगळं हादरतं. वाहायला ओझंच उरलं नाही, तर घट्टपणा प्रत्येक धक्का जसाच्या तसा वर पोचवत असावा.

ह्यांच्या सामानाच्या जागी दगड मला बघवले नसते. मी पडवीतलं सगळं त्याला दिलं. त्याने नांगर होडीत, चाकांच्या मधोमध बांधला, भोवती साखळी, वर जाळं.

पुढच्या गतिरोधकावर होडी हलकेच उठली आणि बसली, पाण्यात असल्यासारखी. वळणाआड जाईपर्यंत मी पाहत राहिले. मग मोकळ्या पडवीत आले.