बूच आडवं पडलं की ओढा

माझा स्वभाव तिखट आहे, हे या तलावाच्या काठी सगळ्यांना ठाऊक आहे. टेनेसीच्या डोंगरात तीस वर्षं मी मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवतोय आणि गिऱ्हाइकानं काय घ्यावं, ते कसं वापरावं, हे मीच ठरवतो. म्हणून मिस अर्लीनाची गोष्ट सांगताना जीभ जड होते. पण सांगायलाच हवी.

मिस अर्लीना (आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मिसच म्हणतात) शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. त्याआधी एकवीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात त्यांनी कॉलर शिवल्या. कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी नवरा हॉलिसही गेला, पण बाईंनी रडगाणं गायलं नाही. पोरांची जेवणं उरकली की मागच्या टेबलाशी बसायचं आणि गळावरच्या शिशाच्या इवल्याशा गोळीला बदकाचं पीस नि चार केस बांधून आमिषाची नकली माशी करायची, हा त्यांचा नेम. माशी करंगळीच्या नखाएवढी, थंडीतल्या बास माशासाठी. पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली दहा फूट दोरीवर ती लटकवायची आणि गप्प बसायचं. गाठ तर अशी घट्ट की शर्टाची कॉलर आधी उसवेल.

पण बूच बघितलं की आमचे लोक हसतात. बूच लावून पोरं मासे धरतात, मोठ्या माणसानं चकचकीत, खुळखुळणारं आमिष फेकावं, असा इथला हिशेब. अर्लीनाबाईंच्या माशा माझ्या दुकानात दाराजवळच्या सगळ्यात खालच्या खुंटीवर, गांडुळांच्या फ्रिजशेजारी सात वर्षं लटकल्या. कुणी हौसेनं नेल्याच, तर आठवड्यानं तोंड पाडून परत यायचा. म्हणायचा, "डॉयल, काही दम नाही यात." मीही मान हलवायचो.

गेल्या फेब्रुवारीत नवीन माल येणार होता, जागा हवी होती. बाईंना सांगितलं की आता ती खुंटी मोकळी करतो. त्या वाद घालत बसल्या नाहीत. कोटाची बटणं लावली आणि म्हणाल्या, "शनिवारी क्लबची स्पर्धा आहे. तोवर हात लावू नकोस. मला मासे मिळाले नाहीत तर मीच येऊन काढीन, आणि पुन्हा एक माशी बांधणार नाही."

ज्यांना बोट नाही त्यांनी कॉफीच्या डब्यातून बोटवाल्याच्या नावाची चिठ्ठी काढायची, ही आमच्या क्लबची रीत. बाईंनी हात घातला आणि निघालं माझंच नाव. सगळे फिदीफिदी हसले. रँडल, आमचा वजनकाट्यावरचा माणूस, म्हणाला की आता डॉयलला दिवसभर बूच बघत बसावं लागणार. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

पुढे बसलेला बोटवाला जागा ठरवतो आणि मागच्याला उरलंसुरलं मिळतं, हा नियम. मी मुद्दाम उभ्या कड्याखालचं खोल पाणी निवडलं, माझ्या जड आमिषांना सोयीचं. थंडी अशी की दोरीवर बर्फ धरत होतं. मी फेकतोय, ओढतोय, फेकतोय, ओढतोय. मागे बाई आपली बारा फुटी काठी धरून चुपचाप. सकाळी दहाच्या आत त्यांनी दोन बास बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सोडले. दुपारपर्यंत चार. स्पर्धेत पाचच मासे धरतात, आणि माझी पाटी कोरी.

शेवटी मी गुमान हात पुढे केला. त्यांनी दुसरी लांब काठी आणि एक माशी दिली. मी फेकली. बूच उभं राहिलं, थोडं डुललं आणि अलगद आडवं पडलं. दोरी गुंतली असणार, असं समजून मी सावकाश गुंडाळायला लागलो.

"मासा घालवलास," बाई म्हणाल्या.

"कुठं? बूच बुडलंच नाही."

"या थंडीत तो ओढत नाही. खालून येतो, माशी तोंडात धरतो आणि वर उचलतो. शिशाचा भार गेला की बूच आडवं पडतं. तेव्हाच ओढायचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "प्रत्येक पाकिटात चिठ्ठी लिहून घालते मी. तू वाचली नाहीस?"

वाचली नव्हती. वहीच्या कागदाच्या, पेन्सिलनं लिहिलेल्या त्या चिठ्ठ्या पाकिटात गबाळ्या दिसतात म्हणून सात वर्षं मी एकूण एक काढून फेकल्या होत्या. आणि गिऱ्हाइकाला वरून शहाणपणा शिकवत होतो, बूच बुडेपर्यंत थांब रे बाबा. दम माशीत नव्हता की माझ्या अकलेत? बाईंनी पाण्याकडं तोंड वळवलं आणि थोड्या वेळानं पाचवा मासा काढला, दिवसातला सगळ्यात मोठा.

काट्यावर त्यांचा पहिला नंबर आला. खुंटी वाचलीच होती, मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. आमच्याकडे वजन झालं की माईकवर दोन शब्द बोलायचे आणि कोणत्या आमिषाला मासे लागले ते धडधडीत खोटं सांगायचं, ही जुनी गंमत. बाई जिंकल्या तरी माईककडं गेल्या नाहीत. माझ्याकडं मासा नव्हता, पण मी गेलो.

मी म्हणालो, "मासे मिस अर्लीनाच्या माशीला लागले. तुम्ही जी परत आणलीत त्याच माशीला. बूच आडवं पडलं की ओढायचं, हे त्यांनी चिठ्ठीत लिहून दिलं होतं. त्या चिठ्ठ्या मी कचऱ्यात टाकल्या. सात वर्षं."

कुणी हसलं नाही. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता या बाई पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढत नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी मी दार उघडायच्या आत त्या बाहेर उभ्या होत्या. हातात वही आणि पेन्सिल. आत येऊन त्यांनी खालच्या खुंटीवरची सगळी पाकिटं काढली, माझ्या गल्ल्यासमोर, डोळ्यांच्या उंचीवरच्या खुंटीला लावली आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"आता चिठ्ठ्या तू लिही," त्या म्हणाल्या. "आणि ज्यांनी परत आणल्या, त्यांची नावं आठवतील तेवढी आठव. त्यांना एकेक पोचव. तुझ्या हातानं."

मी पहिली चिठ्ठी लिहिली. त्यांनी चष्मा लावून वाचली, फाडली आणि अक्षर नीट काढ म्हणून पुन्हा लिहायला लावली. तिसरीला होकार मिळाला. नावं चौतीस आठवली. त्यातल्या एकोणतीस जणांच्या घरी मी जाऊन आलोय, पाच अजून राहिलीत.