शमुवेल उत्तरासाठी थांबतो

शमुवेल गेल्याची बातमी आली तेव्हा शमुवेलच वाचत होता. दुपारची वेळ. कॅम्प चार वस्तीतल्या आमच्या ब्लॉकची खिडकी लावून मी मोबाइलवर त्याचं रेकॉर्डिंग ऐकत पडलो होतो. मध्येच त्याचा आवाज तुटला आणि फोन वाजला. त्याची मुलगी, रूथ. "काका, बाबा गेले... सकाळीच, खुर्चीत बसल्या बसल्या." मी काय बोललो ते आठवत नाही. तिनं फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग आपलं आपण पुढे सुरू झालं. "हं, तर कुठे होतो आपण?" शमुवेल म्हणाला. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. माझे डोळे काचबिंदूनं खाल्लेत, त्यामुळे हे मी बोलतोय आणि माझी बायको, शोभा, लिहून घेतेय.

अंबरनाथच्या फॅक्टरीत आम्ही दोघं फिटर, तीस वर्षं एकाच बेंचवर. मशीनच्या गोंगाटात दोघं एकदम बोललो तर शष्प कळायचं नाही. म्हणून एकानं बोलायचं, थांबायचं, मग दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. शमुवेल थांबायचा तो अगदी मापात. मला उत्तर सुचायला किती वेळ लागतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

माझे डोळे गेल्यावर त्यानं मला एक पुस्तक वाचून, रेकॉर्ड करून मोबाइलवर पाठवायला घेतलं. आजच्या काळात ख्रिस्ती माणसानं आपला विश्वास कसा जगावा, हा त्याचा विषय. आता मी कसला ख्रिस्ती! देवळातसुद्धा शोभानं ढकललं तर जाणारा. "तुमच्या चर्चचं पुस्तक मला कशाला, बाबा?" म्हटलं. "नाही आवडलं तर शिव्या घाल," म्हणाला. पण पुस्तक निघालं भारी. स्वर्गाची वर्णनं नाहीत, नरकाची भीती नाही. पाण्याच्या टँकरसमोर रांग मोडणाऱ्याशी कसं बोलावं, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करताना चिडचिड झाली तर काय करावं, सोसायटीच्या ग्रुपवर कुणाची नालस्ती चालली असेल तर आपण काय लिहावं... असले रोजचे प्रश्न. त्यात देव नंतर येतो, आधी शेजारी येतो. आणि लेखक आता उपदेश झोडणार असं वाटतं, तोच स्वतःची फजिती सांगून मोकळा होतो. हे मला फार आवडलं.

शमुवेल वाचायचा तोही बेंचवरच्या रीतीनं. दोन ओळी वाचून "पटतंय का?" विचारायचा आणि थांबायचा. मी पलंगावरून "नाही पटत" म्हणायचो. लगेच मोबाइलमधून, "नाहीच पटणार तुला." मी हसलो की, "हस, हस." एकदा शोभा दोन कप चहा घेऊन बाहेर आली. "कोण आलंय? मघापासून गप्पा ऐकतेय." समोरची खुर्ची रिकामी बघून ती ट्रेसकट दोन पावलं मागे सरली. तेव्हा तो जिवंत होता, म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं.

आमचं वाजलं ते समेटाच्या प्रकरणावरून. प्रार्थनेला बसण्याआधी ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे जाऊन या, असं त्यात होतं. माझा थोरला भाऊ, अण्णा, बदलापूर गावात राहतो. आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होतो. मी पोचेपर्यंत त्यानं थांबायला हवं होतं. मी धावत गेलो तर चिता पेटलेली. अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नाही. शमुवेलला हे सगळं माहीत होतं. त्याचा फोन आला, "एकच प्रकरण राहिलंय. आधी अण्णाकडे जाऊन ये, मग वाचतो." मी भडकलो. "मग राहू दे! नकोच मला तुझं पुस्तक!" ...हेच आमचं शेवटचं बोलणं. रुसून का होईना, जुनी प्रकरणं मात्र रोज लावत होतो. चौथ्या दिवशी तो गेला.

पंधरा दिवसांपूर्वी रूथ घरी आली. "बाबांच्या फोनमध्ये हे तुमच्यासाठी होतं," म्हणाली आणि माझ्या मोबाइलवर घालून गेली. ती गेल्यावर मी लावलं. पंख्याची खडखड, त्याचा खोकला. मग, "गेलास का रे अण्णाकडे?" आणि तो थांबला. भीती म्हणा, लाज म्हणा, माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

"खोटं बोलू नकोस," शमुवेल म्हणाला.

मी मोबाइल बंद करून उशीखाली कोंबला. दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी शोभाचा हात धरून बदलापूरला गेलो. अण्णानं दार उघडलं. मग म्हणाला, "पायरी फुटलीय, जपून ये." आत बसल्यावर त्यानंच विषय काढला. "दोन तास अडवून धरलं होतं रे सगळ्यांना. अंधार पडत आला, लोक ऐकेनात. तुला सांगणार तरी कधी? तू तर तोंडच फिरवलंस." मी रडलो, अगदी पोरासारखा रडलो.

घरी आल्यावर ती खुर्ची पलंगासमोर ओढली आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. "गेलास का रे अण्णाकडे?" या वेळी मी गप्प राहिलो. "खोटं बोलू नकोस." मग नुसती पंख्याची खडखड. मी सांगायला लागलो. फुटक्या पायरीचं सांगितलं, दोन तासांचं सांगितलं, अण्णानं निघेपर्यंत माझा हात कसा सोडला नाही, वहिनी पोह्यांत मीठ कशी विसरली... सगळं. तो मध्ये एक शब्द बोलला नाही. "एवढंच," म्हणून मी थांबलो.

"बरं झालं," शमुवेल म्हणाला. "आता ऐक शेवटचं प्रकरण."

शोभानं काही न विचारता दोन कप चहा आणून ठेवला.