पार्टी एक दिवस पुढे
दोन हजार दहा उलटून गेले होते. त्या मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यात दहा दिवस काहीही घडले नाही. निदान आमच्या दैनिकाचे अंक चाळल्यास तसे दिसते. त्याचे कारण असे की जिल्हा कार्यालयात एक बातमीदार आणि एक छायाचित्रकार अशी दोनच माणसे होती आणि ती दोन्ही थायलंडला गेली होती. बातमीदार मी.

छायाचित्रकाराने इंटरनेट कॅफेत एक फोटो पाहिला होता. एका बेटावर दर पौर्णिमेला समुद्रकिनारी हजारो लोक अंगाला रंग फासून नाचतात. तो फोटो त्याने मला तीनदा दाखवला आणि आम्ही रजेचे अर्ज टाकले.

आईला मी एवढेच सांगितले की थायलंडला चाललो. कशासाठी, ते तिने स्वतःच ठरवले. आमचे घर बौद्ध. आई नागपूरच्या दीक्षाभूमीपलीकडे कधी गेली नव्हती, आणि थायलंड म्हणजे बुद्धाचा देश. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या विहारात बातमी पोचली. परत आल्यावर मी महिला मंडळापुढे प्रवासाविषयी बोलणार, हेही ठरून गेले. मी खंडन केले नाही.

आई पौर्णिमेला अष्टशील पाळते. पंचशीलापेक्षा कडक नियम : दुपारी बारानंतर जेवण नाही, नाचगाणे नाही, उंच पलंगावर झोपणे नाही. दारू तर नाहीच.

"या पौर्णिमेले तूही पाळजो," ती म्हणाली. "आपल्या घरचं कोनी पयल्यांदा तिकडे जाऊन राह्यलं. मी मंडळात सांगतलं, माझा पोरगा पाळते म्हनून."

मी हो म्हटले. मध्ये अख्खा समुद्र होता.

"अबे, बता दे ना माँ को, नाचने जा रहे," छायाचित्रकार म्हणाला. त्याचे घर बाजारातल्या व्यापाऱ्याचे. त्याच्या घरी तो कामासाठी जातो असे सांगितले होते.

हावडा गाडीने कोलकाता, तिथून विमान, मग बस, मग बोट. पहिल्या बेटावर गोरी माणसे भर दुपारी वाळूत मुद्दाम उन्हात पडली होती. गोंदियाचा मे महिना टाळून आलेलो आम्ही सावली शोधत त्यांना ओलांडून गेलो. दुसऱ्या बेटावर आईने दिलेले लोणचे सॅकमध्ये फुटले. तेव्हापासून माझ्या सगळ्या कपड्यांना मोहरीचा वास होता आणि एक कुत्रा आमच्यासोबत धक्क्यापर्यंत आला.

तिसऱ्या बेटावर पोचलो ती पौर्णिमेची दुपार. तीन वाजले होते. आधी तळलेला भात खाल्ला, मग किनाऱ्याकडे निघालो. वाटेत फलक होता : आज बुद्धदिन, मद्यविक्री बंद, पार्टी उद्या.

ती वैशाख पौर्णिमा होती. जिल्ह्यातल्या बुद्ध जयंतीच्या कार्यक्रमांची बातमी दरवर्षी मीच लावतो. त्या बेटावर जमलेल्या हजारो पर्यटकांमध्ये ही तारीख ज्याला ठाऊक असायला हवी होती असा बहुधा मी एकटाच होतो.

"तेरे भगवान ने तो पार्टी कैंसल करवा दी यार," छायाचित्रकार म्हणाला.

"कैंसल नहीं. एक दिन आगे."

त्याने फलकाचा फोटो काढला.

संध्याकाळी आमच्या लॉजची म्हातारी मालकीण पांढरे कपडे घालून निघाली. हातात कमळाची कळी, मेणबत्ती, उदबत्त्या. मी खुणेने विचारले, तिने खुणेनेच चल म्हटले. विहाराभोवती सगळे गाव तीन फेऱ्या घालत होते. पाठ सुरू झाला तेव्हा मी बरोबर म्हणू लागलो. शब्द आमच्या विहारातलेच होते, चाल मात्र फारच संथ. मी प्रत्येक ओळ त्यांच्या आधी संपवत होतो. म्हातारीने दोनदा वळून पाहिले.

त्या रात्री हिशेब केला. दारू बंद, नाच पुढे ढकललेला, खोलीत खाट नव्हती, गादी जमिनीवर होती. भाताचे शील तेवढे मोडले, बाकी सात पाळली गेली. श्रेय स्थानिक प्रशासनाचे.

दुसऱ्या दिवशी पार्टी झाली. लोक प्लास्टिकच्या बादलीतून नळीने दारू पीत होते आणि तीच घेऊन समुद्रात उभे राहत होते, कशासाठी ते सांगायला नको. मीही एक बादली संपवली. आम्हाला वरातीतला नाच सोडून दुसरा येत नव्हता, तोच केला. चार-पाच जर्मन पोरे आमच्याकडून शिकून गेली. छायाचित्रकाराची एक चप्पल हरवली.

परतल्यावरच्या रविवारी विहारात मी बोललो. पुढच्या रांगेत आई, पांढऱ्या साडीत. मी फक्त पौर्णिमेच्या संध्याकाळविषयी सांगितले. ते सर्व खरे होते. काय गाळायचे, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच शिकवतात.

मग मंडळाच्या अध्यक्षबाईंनी विचारले, "बाबू, अष्टशील पुरी पाळली का? तुही माय सांगत होती."

आई माझ्याकडे पाहत होती. हो म्हटले असते तर तिचा शब्द राहिला असता. आणि विहारात उभे राहून खोटे बोललो असतो.

"नाही," मी म्हणालो. "तीन वाजता भात खाल्ला. आणि गेलो होतो ते पार्टीसाठी. ती पुढे ढकलली, म्हणून बाकीची सात पाळली गेली. दुसऱ्या दिवशी दारू पिऊन नाचलो."

अध्यक्षबाई आईकडे वळल्या.

"सात पाळली म्हनते तो," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमच्या पोराईनं किती पाळली, ते सांगा."

कार्यक्रम चहाने संपला.

घरी जाताना आई रेल्वे फाटकापर्यंत माझ्या दहा पावले पुढे चालत राहिली. फाटक बंद होते. मालगाडी जाईपर्यंत थांबावे लागले.

"त्यायची चाल कशी होती? म्हनून दाखव."

मी दाखवली. तिने दोन ओळी तशाच संथ म्हणून पाहिल्या आणि थांबली.

"लगित वेळ लागते अशानं," ती म्हणाली. "तिथल्या बायायले घरी कामं नाही का?"