नऊ दिवसांच्या बाळाचं नाव

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केलीय. त्यामुळे आता माझी झाली तरी तक्रार नाही. मी सिव्हिल इंजिनिअर, माहेर चिपळूणचं. नवरा आणि सहा वर्षांच्या ईरासोबत बहारीनमध्ये सनाबिसला राहते.

इंग्रजांच्या अमदानीत इथे येऊन राहिलेल्या पहिल्या गोऱ्या कुटुंबांच्या नोंदी जपणारा आमचा छोटासा ग्रुप आहे. जुनी पत्रं, फोटो, मनामाच्या दफनभूमीतल्या दगडांवरचा मजकूर – सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं. हौस, दुसरं काय!

त्या गुरुवारी दुपारी अशीच एका कुटुंबाची नोंद भरत होते. दगडावर आईबापाची नावं आणि खाली फक्त 'बाळ, वय नऊ दिवस'. आपल्याकडेही बारशाआधी गेलेलं बाळ असंच राहतं... बिननावाचं. पण फॉर्म नावाशिवाय सेव्हच होईना. नंतर बदलू म्हणून बोटांवर पहिलं आलं ते टाइप केलं – ईरा. हो, मृत्यूच्या नोंदीत स्वतःच्या मुलीचं नाव! अक्कल कुठे गहाण टाकली होती, देव जाणे.

संध्याकाळी दूध घेऊन गेले, तर ईरा भिंतीकडे टक लावून बसलेली. चार हाका मारल्या, ढिम्म हलली नाही. हात लावला तर अंग गारठलेलं... आणि एसी तर बंद होता.

"ईरा! अगं, ओ दे ना!"

"हू इज ईरा?" ती शांतपणे म्हणाली. "आय डोन्ट हॅव अ नेम यट."

तिला तशीच उचलून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासून सगळं नॉर्मल असल्याचं सांगितलं. घरी येऊन आधी ती नोंदच नावासकट पुसून टाकली. तरीही फरक नाही.

शुक्रवारी सकाळी माझी नणंद वैशाली हमद टाउनहून आली. मी रडत सगळं सांगितलं. वाटलं, चांगलीच झापेल.

"वहिनी, दिलेलं नाव असं काढून घेतात का गं? दुसरं द्यायला हवं. चल, आत्या आहे ना मी!"

ईराला नवऱ्याजवळ ठेवून आम्ही दफनभूमीत गेलो. ऊन रणरणत होतं. वैशाली त्या दगडाशी वाकली, बारशाला बाळाच्या कानात करतात तसं 'कुर्र्र' केलं आणि काहीतरी पुटपुटली. आणि – शपथेवर सांगते – तिथून तान्ह्या बाळाचा हुंकार आला. एकच. दोघींनी ऐकला. वैशालीने माझं मनगट असं आवळलं की बांगडी वाढली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "अगं, ईराने आत्ता दूध मागितलं. आई कुठेय विचारतेय."

गाडीत मी विचारलं, "काय नाव ठेवलंस?"

"ज्याचं त्याला सांगितलंय. तुला कशाला हवं?"

ताप, थकवा, मनाचे खेळ... सगळी कारणं लावून पाहिली, एकही बसत नाही. ईरा आता ठणठणीत आहे. पण मी दिवसातून दहादा तिला उगाच हाक मारते आणि ओ येईपर्यंत श्वास रोखून उभी राहते. तिला वाटतं, आईचा हा नवा खेळ आहे. खेळ नाहीये तो.